न्यू इकोट्याचा छापखाना

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशनसंस्था उदयास आल्या आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत १९८० सालीं 'थेटस बुक्स', ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्रूम येथें १९८७ सालीं 'मागाबाला बुक्स', आणि आपल्याकडे कलकत्त्यास २०१२ सालीं 'आदिवाणी' अशा संस्था निघाल्या. या सर्वांचा हेतु थोडक्यांत सांगावयाचा तर असा कीं, ज्या समाजांविषयीं आजवर मिशनरी, मानववंशशास्त्रज्ञ व सरकारी अधिकारी लिहीत आले, त्या समाजांनीं आतां आपलें आपण लिहावें, काय छापावें हें त्यांनींच ठरवावें, आणि छापखान्याची किल्लीहि त्यांच्याच कमरेला असावी. कल्पना उत्तम आहे. परंतु ती अगदीं नवीन आहे असें जें समजण्यांत येतें तें मात्र खरें नाहीं. हा प्रयोग १८२८ सालीं उत्तर अमेरिकेंतील चेरोकी लोकांनीं करून पाहिला होता. तो उणींपुरीं सहा वर्षें चालला, आणि तेवढ्या अवधींत त्यांतून असा एक प्रश्न निघाला कीं, त्याचें कायदेशीर उत्तर द्यावयास त्या लोकांस पुढें दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. आज आम्ही त्या प्रयोगाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

या हकीकतीचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोंचतो, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, आणि १८१७ सालीं त्यांच्या मिशनच्या छापखान्यांतून मराठी मजकूर छापून निघूं लागला. गणपत कृष्णाजींस स्वतःचा छापखाना घालण्याची प्रेरणा याच छापखान्याच्या कामावरून झाली, व १८३१ सालीं त्यांनीं छापील पंचांग काढलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. हॉल व नॉट यांस इकडे पाठविणारी बोस्टनची 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था आणि १८१७ सालींच चेरोकी मुलखांत ब्रेनर्ड येथें आपलें ठाणें घालणारी संस्था एकच. बोस्टनच्या एकाच कचेरींत मुंबईकडील व चेरोकी मुलखाकडील पत्रें शेजारीं शेजारीं पडत असलीं पाहिजेत. दोन्हीकडे छपाईची विद्या मिशनऱ्यांच्या हातून आली. पण एका बाबतींत चेरोकी लोक आमच्यापुढें गेले, व ती बाब म्हणजे लिपि.

आम्हांस आमची लिपि आयती मिळाली. चेरोकींस ती एका माणसानें घडवून दिली. सिक्वोया हा चांदीचें काम करणारा, पायानें अधू असलेला कारागीर. त्याला इंग्रजी लिहितां-वाचतां येत नव्हतें. गोरे लोक कागदावर बोलणें उमटवितात, तर तें आपल्यालाहि साधलें पाहिजे, एवढ्या एका विचारानें त्यास झपाटलें. प्रथम त्यानें प्रत्येक शब्दाला एक चिन्ह देऊन पाहिलें; चिन्हांचा डोंगर झाला आणि तो मार्ग खुंटला. बायकोनें वैतागून त्याचे कागद जाळले अशी कथा सांगतात. शेवटीं शब्दांचे उच्चार फोडून अक्षरें वेगळीं करावीं ही युक्ति त्यास सुचली, आणि सुमारें बारा वर्षांच्या खटाटोपानंतर १८२१ सालीं त्यानें ८६ चिन्हांची अक्षरमाला सिद्ध केली. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हां आपल्या लहान मुलीस, अयोकेस, दूर बसवून, इतरांनीं सांगितलेला मजकूर लिहून तिच्याकडून वाचून घेतला. तो दिवस त्या लोकांच्या इतिहासांत मोठाच म्हटला पाहिजे.

आमच्या बाराखडींत 'क' शिकलेल्या मुलास 'कि' आणि 'कु' ओळखतां येतात. सिक्वोयाच्या लिपींत 'का', 'के', 'की' यांच्या चिन्हांमध्यें कसलेंहि नातें नाहीं. प्रत्येक चिन्ह निराळें पाठ करावें लागतें. पाणिनीच्या देशांतील माणसास ही रचना ओबडधोबड वाटेल. आम्हांसहि प्रथम ती तशी वाटली होती. परंतु ज्यास चेरोकी बोलतां येतें त्यानें एकदां हीं चिन्हें पाठ केलीं कीं त्यास वाचतां आलेंच. स्पेलिंगची कटकट नाहीं, व्याकरणाची शाळा नाहीं. शाळेचें तोंडहि न पाहिलेले लोक कांहीं दिवसांतच एकमेकांस पत्रें लिहूं लागले. रोमन अक्षरांत चेरोकी लिहिण्याची एक विद्वन्मान्य पद्धति बोस्टनकडे तयार होत होती, ती पेटींतच राहिली. सॅम्युएल वूस्टर हा तरुण मिशनरी १८२५ सालीं तिकडे गेला, त्यानेंच आपल्या वरिष्ठांस कळविलें कीं, लोकांनीं जी लिपि आपली म्हणून उचलली आहे तिच्यांतच छापलें पाहिजे. मिशनऱ्यानें आपल्याच पंडितांविरुद्ध असा कौल द्यावा हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

लिपि झाली, आतां खिळे, यंत्र आणि पैसा. १८२६ सालीं चेरोकी कौन्सिलानें एका तरुणास निधि गोळा करण्यासाठीं पूर्वेकडील शहरांत पाठविलें. याचें मूळ नांव गालागीना, म्हणजे काळवीट. अमेरिकन बोर्डाच्या कनेक्टिकटमधील शाळेकडे जात असतां एका थोर अमेरिकन गृहस्थाचें नांव त्यानें आदरानें स्वीकारलें व तेव्हांपासून तो एलायस बुडिनॉट झाला. शिकून तयार झाला तेव्हां त्याच शाळेच्या गांवांतील हॅरिएट गोल्ड या गोऱ्या मुलीशीं त्याचें लग्न ठरलें. ज्या गांवानें त्यास ख्रिस्ती धर्मांतील समता शिकविली त्याच गांवानें त्या दोघांच्या प्रतिमा चौकांत जाळल्या. लग्न झालें, शाळा मात्र लवकरच बंद पडली.

२६ मे १८२६ रोजीं फिलाडेल्फिया येथील चर्चमध्यें बुडिनॉटनें जें भाषण केलें त्यांत त्यानें आपल्या लोकांची शिरगणतीच वाचून दाखविली : ७६२ माग, २,४८८ चरखे, २,९४३ नांगर, १८ शाळा. चरख्यांचा आंकडा वाचून आमच्या पिढीच्या मनांत जें येतें तें येवोच. पण बुडिनॉटचा हेतु निराळा होता. आम्ही रानटी नाहीं हें गोऱ्या श्रोत्यांस पटवावें, आणि त्या पटण्यावर वर्गणी मिळवावी, असा तो व्यवहार होता. या भाषणांतील आर्जव आज वाचतांना मनास बोंचतें. परक्यांपुढें आपल्या सुधारणेचा हिशेब मांडण्याची पाळी ज्यांच्यावर आली त्यांस हा बोंच समजेल. आमच्या एकोणिसाव्या शतकांतील अर्ज-विनंत्यांतहि तो भरपूर आहे. या सुधारणेच्या चित्रांत एक काळा डागहि होता, तो लपवून चालणार नाहीं. १८३५ च्या गणतीप्रमाणें चेरोकी मुलखांत सुमारें सोळाशें निग्रो गुलाम होते. स्वातंत्र्याची जी भाषा पुढें छापली गेली तींत त्यांस जागा नव्हती.

असो. बोस्टन येथें सिक्वोयाच्या अक्षरांचे खिळे ओतविण्यांत आले. त्यासाठीं वूस्टरनें अक्षरांचा क्रम लावून दिला. अमेरिकन बोर्डानें पैसे आगाऊ भरले, परंतु ते देणगी म्हणून नव्हे. छापखाना व खिळे यांची किंमत चेरोकी राष्ट्रानें आपल्या खजिन्यांतून फेडली. ही गोष्ट किरकोळ नाहीं. मिशनऱ्याची मदत होती, मिशनऱ्याची मालकी नव्हती. यंत्र कौन्सिलाचें, संपादक कौन्सिलानें नेमलेला, व त्याचा पगार सालीना ३०० डॉलर कौन्सिलाकडून.

यंत्र बोस्टनहून जहाजानें व पुढें गाड्यांवर लादून जॉर्जियाच्या वायव्य कोपऱ्यांतील न्यू इकोटा या चेरोकींच्या नव्या राजधानींत आलें. तेथील छापखान्याचें वर्णन जॉन व्हीलर या गोऱ्या मुद्रकानें लिहून ठेवलें आहे. तासलेल्या ओंडक्यांची, सुमारें तीस फूट लांब व वीस फूट रुंद अशी एक खोली. उजेडासाठीं दोन्हीं बाजूंच्या भिंतींतील एकेक ओंडका कापून तावदानें बसविलेलीं. पण तीं इतकीं खालीं कीं, उजेड खिळ्यांच्या घरांपर्यंत पोंचेना, म्हणून तीं वर सरकवावीं लागलीं. शाई लावण्यास रूळ नव्हते. हरणाच्या कातड्यांत लोंकर भरून केलेल्या गोळ्यांनीं शाई थापावी लागे. यंत्राबरोबर कागदच आला नव्हता. तो टेनेसींतील नॉक्सव्हिल गांवाहून आणवावा लागला. चेरोकी खिळ्यांसाठीं शंभरावर खणांचीं घरें नवीन करून घेतलीं. आणि ज्यांनीं तीं अक्षरें जुळवावयाचीं त्या दोघां गोऱ्या मुद्रकांस चेरोकीचा एक शब्दहि येत नव्हता! ज्या कोणीं गांवच्या छापखान्यांत एखादें पुस्तक छापून घेतलें आहे, आणि अर्थ न कळतां अक्षर जुळविणाऱ्या हातांनीं केलेल्या चुकांचीं मुद्रितें रात्र रात्र तपासलीं आहेत, त्यास बुडिनॉटच्या डोळ्यांची कींव येईल. हॅरिस नांवाचा पहिला मुद्रक ती भाषा कधींच शिकला नाहीं. व्हीलर मात्र रुळला, व पुढें बुडिनॉटच्या बहिणीशीं विवाह करून त्या घरचाच झाला.

२१ फेब्रुवारी १८२८ रोजीं 'चेरोकी फीनिक्स' पत्राचा पहिला अंक निघाला. अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांचें हें पहिलें वृत्तपत्र. चेरोकी भाषेंत फीनिक्स पक्षी नाहीं. म्हणून त्या भाषेंतलें नांव 'पडलेलें पुन्हां उठलें' अशा अर्थाचें दिलें होतें. अंकांत कांहीं रकाने इंग्रजी, कांहीं चेरोकी. चारच वर्षांनीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, मुंबईस बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' असेंच इंग्रजी व देशी भाषेचे रकाने शेजारीं शेजारीं घेऊन निघालें. एकास दुसऱ्याची खबर असण्याचें कारण नाहीं. पण दोघांची अडचण एकच होती. राज्यकर्त्यास ऐकवावयाचें तें त्याच्या भाषेंत व आपल्यांस सांगावयाचें तें आपल्या भाषेंत, असें दोन तोंडांनीं बोलणें दोघांसहि भाग होतें.

वर्गणीच्या दरांतहि हा दुहेरीपणा आहे. सर्वसाधारण वर्गणी आगाऊ भरल्यास अडीच डॉलर, वर्षअखेर भरल्यास साडेतीन. पण ज्यांस केवळ चेरोकीच वाचतां येते त्यांस आगाऊ दोन डॉलर. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याच्या पैशांवर चेरोकी वाचणाऱ्यास सवलत. योजना न्याय्य होती. परंतु चेरोकी मजकूर इंग्रजीच्या मानानें बराच कमी राहिला. लिहिणार कोण? एका बुडिनॉटनेंच इंग्रजी लिहावें, त्यानेंच चेरोकी लिहावें, त्यानेंच भाषांतर करावें. ज्या भाषेंत कालपर्यंत गद्यच नव्हतें तींत कायदे, बातम्या व युक्तिवाद लिहावयाचे म्हणजे रस्ता करीत करीत चालावयाचें. या छापखान्यानें केवळ पत्रच छापलें असें नाहीं. १८२९ सालीं बुडिनॉट व वूस्टर यांनीं मिळून केलेलें भजनांचें पुस्तक व मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचें भाषांतर येथूनच बाहेर पडलें, आणि चेरोकी कौन्सिलाचे कायदे दोन्हीं भाषांत येथेंच छापले गेले. आपला कायदा आपल्या लिपींत छापलेला हातांत घेऊन वाचणें हें आम्हांस भजनांहूनहि मोठें वाटतें.

पण नेमक्या याच वेळीं जॉर्जिया संस्थानानें त्या मुलखावर हात टाकण्यास सुरुवात केली होती. १८२९ च्या सुमारास त्या डोंगरांत सोनें निघालें. २८ मे १८३० रोजीं मूळच्या रहिवाशांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा संमत झाला. आतां फीनिक्सचे अंक संयुक्त संस्थानांतील इतर पत्रें उतरून घेऊं लागलीं, आणि एका ओंडक्याच्या खोलींतून निघणारें पत्र जॉर्जियाच्या अधिकाऱ्यांस सलूं लागलें. जॉर्जियाच्या शिपायांच्या नायकानें संपादकास बोलावून चाबकानें फोडून काढण्याची धमकी दिली. गोऱ्या माणसानें चेरोकी मुलखांत राहावयाचें तर संस्थानाशीं एकनिष्ठेची शपथ घेतली पाहिजे असा कायदा केला, आणि त्याखालीं १८३१ सालीं वूस्टरला व इतर दहा जणांना शिक्षा झाली. त्यांत मुद्रक व्हीलरहि होता. चार वर्षांची सक्तमजुरी! नऊ जणांनीं माफी पत्करली. वूस्टर व डॉक्टर बटलर यांनीं ती नाकारली व ते तुरुंगांत गेले. वूस्टरच्या दाव्यांत ३ मार्च १८३२ रोजीं सरन्यायाधीश मार्शल यांनीं चेरोकींच्या बाजूनें निकाल दिला. जॉर्जियानें तो मानला नाहीं, व अध्यक्ष जॅक्सन यांनीं तो मानावयास लावला नाहीं. वूस्टर १८३३ च्या जानेवारीपर्यंत तुरुंगांतच होता.

पैशाचीहि कोंडी झाली. जमिनींच्या बदल्यांत चेरोकी खजिन्यास जें वर्षासन मिळे तें यापुढें एकरकमी न देतां माणशीं वांटावें असा हुकूम सुटला. वांटा पडत होता अर्ध्या डॉलरहूनहि कमी, आणि तोहि दूरवर जाऊन आणावयाचा. खजिना कोरडा पडला कीं छापखाना आपोआप थांबतो हें हुकूम काढणारांस कळत नव्हतें असें आम्हांस वाटत नाहीं. कायद्यानें पत्र बंद करण्यापेक्षां ही रीत पुष्कळ सोयीची.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. निकालानंतर बुडिनॉट उत्तरेकडे दौऱ्यावर होता. न्यायालयांत जिंकूनहि आपल्या हातीं कांहीं पडत नाहीं हें तेथें त्यास दिसून आलें. तो या निष्कर्षास आला कीं, मुलूख टिकत नाहीं. लोकांस खरी स्थिति सांगून, चांगल्या अटी मिळवून स्थलांतर करावें. मुख्य नायक जॉन रॉस व बहुसंख्य लोक याच्या पूर्ण विरुद्ध होते. बुडिनॉटचें म्हणणें असें पडलें कीं, या प्रश्नाच्या दोन्हीं बाजू पत्रांत याव्या. रॉसचें म्हणणें असें कीं, हें पत्र राष्ट्राच्या पैशावर, राष्ट्राचें म्हणणें जगापुढें मांडण्यासाठीं काढलेलें आहे. शत्रु दारांत उभा असतां घरांतील फूट छापून त्याच्या हातीं देणें हा घात होय. १ ऑगस्ट १८३२ रोजीं बुडिनॉटनें राजीनामा दिला. त्यांत प्रकृतीचें व अपुऱ्या पगाराचें कारण होतें. पण खरें कारण हेंच होतें, आणि तेंहि त्यानें लपविलें नाहीं. रॉसनें तो स्वीकारला आणि आपला मेहुणा एलायजा हिक्स यास संपादक नेमलें.

येथें कोणाचा पक्ष घ्यावा? आम्हीं हा प्रश्न वर्गांत विद्यार्थ्यांस अनेकदां घातला आहे, आणि बहुधा मुलें तत्काळ बुडिनॉटच्या बाजूनें हात वर करतात. छापण्याच्या स्वातंत्र्याची बाजू घेणें तरुणपणीं सोपें असतें. आम्हांस इतकें सोपें वाटत नाहीं. रॉसचें राजकारण बरोबर होतें. लोक त्याच्या मागें होते, आणि फुटीचा फायदा जॉर्जिया घेणार हें त्याचें भाकित तीन वर्षांत अक्षरशः खरें ठरलें. परंतु छपाईच्या बाबतींत तो चुकला असें आमचें मत आहे. बुडिनॉटचें मत छापून आलें असतें तर त्यास लोकांनीं त्याच पानांत उत्तर दिलें असतें, आणि तो वाद चेरोकी अक्षरांत, चेरोकी वाचकांपुढें झाला असता. तोंड बांधलेला माणूस खोलीबाहेर गेला, व बाहेर त्याचें ऐकण्यास जॉर्जियाचे व वॉशिंग्टनचे लोक तयारच उभे होते. चेरोकींचा छापखाना सरकारापासून मोकळा होता, मिशनपासून मोकळा होता. मालक जो स्वतःचा समाज, त्यापासून मोकळा कसा राहावयाचा, याची तरतूद कोणींच केलेली नव्हती. ही तरतूद पुढें चेरोकी कौन्सिलानें इसवी सन २००० मध्यें केली : पत्राचें संपादन राज्यकर्त्यांच्या दडपणापासून अलग राहावें असा कायदाच त्यांनीं केला. त्या कायद्याखालीं जें पत्र चालूं लागलें त्याचें नांव पुन्हां 'चेरोकी फीनिक्स' असें ठेवण्यांत आलें.

हिक्सच्या हातीं पत्र फार दिवस चाललें नाहीं. ३१ मे १८३४ चा अंक शेवटचा. पुढच्या वर्षीं रॉस हा छापखाना जॉर्जियाच्या हद्दीबाहेर टेनेसींत नेण्याच्या विचारांत असतां जॉर्जियाच्या शिपायांनीं तो जप्त केला, आणि त्या वेळीं त्यांच्याबरोबर बुडिनॉटचा सख्खा भाऊ स्टँड वेटी हा होता. २९ डिसेंबर १८३५ रोजीं न्यू इकोट्यासच, कोणताहि अधिकार नसतां, थोड्या मंडळींनीं मुलूख सोडण्याच्या तहावर सह्या केल्या. सह्यांत बुडिनॉटची सही आहे. संपादकाविषयीं आम्हांस कितीहि सहानुभूति असली तरी ही सही आम्ही क्षम्य मानूं शकत नाहीं. तहाची मुदत भरतांच १८३८ सालीं सुमारें सोळा हजार लोकांस संगिनींच्या धाकानें पश्चिमेकडे हांकण्यांत आलें. वाटेंत व छावण्यांत अदमासें चार हजार मेले.

पश्चिमेकडील नव्या मुलखांत, पार्क हिल येथें, वूस्टर आधींच जाऊन राहिला होता. त्यानें नवा छापखाना मांडला होता व व्हीलर तेथेंहि मुद्रक होता. बुडिनॉट भाषांतराच्या कामास येऊन मिळाला. २२ जून १८३९ रोजीं, तो आपलें घर बांधवीत असतां, कांहीं माणसें औषध मागावयास आलीं. वूस्टरकडे औषधें असत. बुडिनॉट त्यांस घेऊन तिकडे निघाला, आणि वाटेंतच त्यांनीं सुऱ्यांनीं व परशूनें त्यास ठार केलें. अधिकाराशिवाय जमीन देणारास मृत्यु, हा चेरोकी कायदा होता. आपला उजवा हात तुटला असे उद्गार वूस्टरनें काढल्याचें सांगतात.

पार्क हिलच्या छापखान्यांतून पुढें बरींच वर्षें चेरोकी पंचांग निघत राहिलें, क्रीक व चॉक्टॉ भाषांतहि पुस्तकें निघालीं, आणि एकूण छापलेलीं पृष्ठें कोटीवर गेलीं. काम मोठें होतें. पण हा छापखाना बोर्डाचा होता. राष्ट्राचा स्वतःचा छापखाना पुन्हां उभा राहावयास १८४४ चा सप्टेंबर उजाडावा लागला. त्या महिन्यांत टॅलेक्वा येथें 'चेरोकी ॲडव्होकेट' निघालें. त्याचा पहिला संपादक जॉन रॉसचा भाचा.

न्यू इकोटा गांव ओस पडलें, घरें मोडलीं, जागेवर नांगर फिरला. १९५४ सालीं जॉर्जिया संस्थानाच्याच इतिहासखात्यानें तेथें उत्खनन केलें, तेव्हां जुन्या छापखान्याच्या जागीं मातींत शिशाचे खिळे हातीं लागले. त्यांवर सिक्वोयाचीं अक्षरें होतीं.